थांबण्याचा दर

निळं टोपण, नखाएवढं, रबराचं, एका बाजूनं चावलेलं, कीबोर्ड आणि चहाच्या कपाच्या मध्ये पडलं होतं, आणि ती कधीपासून पडद्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होती. ऑक्सिजनच्या नळीचं तोंड बंद करायचं टोपण. घरून तिच्या पिशवीतून कधी आलं आणि या टेबलावर कधी मुक्कामाला राहिलं, देव जाणे. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ते केरात टाकलं की ती परत उचलून आणायची. "सोनं लागून गेलंय का त्याला?" मावशी वैतागायच्या. सोनं कसलं... नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आजारपणात चिडून चावलं होतं ते. नळीवर राग काढता येईना, तर टोपणावर काढला. तेव्हा ती रडली होती, आणि आता आठवलं की हसू येत होतं. हसू येतंय ही केवढी मोठी गोष्ट आहे, असं तिला वाटलं. टोपण चावणारा माणूस आज सकाळी फाटकापर्यंत चालत जाऊन आला होता, नळीशिवाय, आणि वर शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दटावून आला होता.

पडद्यावर चौकट उघडी होती. नाव : थांबणे. दर : रिकामा.

कंपनी आजारी माणसांच्या घरी श्वासाची यंत्रं भाड्यानं द्यायची. मूळ वर्गणीत यंत्र आणि रोजची तपासणी. त्याच्या वरचं जे काही असेल – जादा नळी, हवेची गादी, सुटीच्या दिवशीची फेरी – ते सगळं आता नव्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये वर्गणीला जोडायचं, म्हणजे अ‍ॅड-ऑन म्हणून बसवायचं, आणि ते काम तिच्याकडे होतं. काम तसं तिच्या हातचं. नळी नगावर, गादी दरमहा सरसकट, महिन्याच्या मध्येच गादी घेतली तर उरलेल्या दिवसांपुरतंच. सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, आपण उत्तरं द्यायची. एकदाच की दर महिन्याला? कुठल्या योजनेला चालेल? कोण जोडू शकेल? सकाळपासून सगळी उत्तरं तिनं पटापट दिली होती, आणि या शेवटच्या एका ओळीवर येऊन गाडी अडली होती.

मॅडमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ, बोलायला तिखट, पण मनानं सरळ. गाड्यांवर नजर ठेवणारं यंत्र बसल्यापासून त्यांना दिसायला लागलं होतं की काही तंत्रज्ञ काम झाल्यावरही पेशंटच्या घरी थांबतात. "एक तर हे बिलात घे, म्हणजे त्या माणसाला त्याचे पैसे मिळतील. नाहीतर हे थांबणं बंद. फुकट राबवून घ्यायला मला आवडत नाही. संध्याकाळपर्यंत दर टाक, उद्यापासून लागू." आणि "काही तंत्रज्ञ" म्हणजे कोण, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. नळीवाले दादा.

...नानांच्या आजारपणात दादा घरी यायचे ते बाकीच्या फेऱ्या आटपून, सगळ्यात शेवटी. यंत्राच्या गाळणीचा कागद बदलायचा, बाटलीतलं पाणी बघायचं, काटा बघायचा, एवढंच काम. झालं, पेटी बंद. आणि मग निघायच्या ऐवजी ते कॉटशेजारच्या स्टुलावर बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून, काही न बोलता. नानांना एकटं पडलं की श्वासाची धास्ती वाटायची, धास्तीनं श्वास आणखी चढायचा, आई गडबडायची, आणि ती स्वतः स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी, कानात फक्त यंत्राची घरघर, आता वाढली का, आता थांबली का... पण दादा बसले की घरातली हवाच जरा खाली बसायची. आई चक्क भाजी निवडायला घ्यायची. नाना झोपले की दादा उठायचे, चपला दाराबाहेर जाऊन घालायचे, आवाज नको म्हणून. आणि ती त्यांना काय म्हणायची? "चहा घेणार?" बस्स. सगळं आजारपण तिनं या दोन शब्दांवर भागवलं. आभार मानायला तोंड उघडलं असतं तर हुंदका बाहेर पडला असता, म्हणून चहा. ते बहुतेक "नको" म्हणायचे.

आणि याला दर लावायचा. म्हणजे उद्या कुठल्याशा घरातली कुठलीशी मुलगी ओट्याशी उभी राहून घड्याळाकडे बघणार. बसू द्यावं की उठवावं? तेव्हा दर असता तर आपण काय केलं असतं? दिले असते पैसे, दिले असते... नसते दिले. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो असतो, दादा, तुम्ही निघा आता, आम्ही बघतो.

नवा दर बसवला की तो आधी कुणावर तरी लावून बघायचा असतो. ऑफिसात प्रत्येकाचा एकेक बळीचा बकरा ठरलेला. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस आपल्या सासऱ्यांच्या बंद खात्यावर वाट्टेल ते लावायचा आणि त्यात त्याला फार सुख मिळायचं. तिचा बकरा नाना. तिनं त्यांचं जुनं खातं उघडलं, दराच्या जागी तात्पुरता एक आकडा टाकला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एखादी ओळ लावून बघायची सोडून ती आठवेल ते सगळं लावत सुटली. नळी तुटली तेव्हा भर रविवारी आलेली फेरी. आईला यंत्र पुन्हा पुन्हा शिकवलेलं. वीज गेली तेव्हाचा जादा सिलिंडर, खांद्यावरून जिना चढवून आणलेला. आणि थांबणे, थांबणे, थांबणे. बिल पडद्यावरून खाली खाली जात राहिलं. अरे बापरे, तिला वाटलं, एवढं होतं हे? न मागता आलेलं ते, म्हणून ते केवढं होतं हे कधी दिसलंच नव्हतं.

"ग्राहकाला कळवा" या ओळीपुढची खूण काढायची राहिली होती. ते तिला फोन वाजल्यावर कळलं.

"काय गं," नाना म्हणाले, "आम्ही इतके महागात पडलो होतो?"

"नाना! अहो, ते बिल खोटं आहे. चाचणी होती. पुसून टाका."

"खोटं कसं? यातलं न झालेलं एक तरी दाखव. तुझी आई चष्मा लावून सगळं वाचतेय, आणि प्रत्येक ओळीला डोळे पुसतेय. भरायचं कुठे ते सांग."

"भरायचं नाहीये काही. चूक माझी."

"बरं. पण समजा भरायचं झालं," नाना जरा थांबले. हल्ली ते श्वासासाठी थांबत नाहीत, शब्दासाठी थांबतात, हे तिच्या लक्षात आलं. "तर त्या थांबण्यातले काही कमी कर. मी झोपलेलो नसायचो."

"म्हणजे?"

"सोंग घ्यायचो गं. दिवसभर वणवण करून आलेला माणूस, घरी त्याची पोरं वाट बघत असणार. म्हटलं, डोळे मिटून पडावं, झोपलो असं वाटलं की सुटेल बिचारा. तर हा बाबा आपला बसूनच! आता सांग, सोंग मी घेतलं, मेहनत माझी. पैसे त्याला का मला?" आणि ते हसले. मोकळं, लांब, खोकला न येता हसले. तिनं फोन कानाला घट्ट दाबून धरला.

दुपार कलल्यावर दादा नळ्यांचा खोका न्यायला आले. खोका उचलायच्या आधी सवयीनं ते तिच्या टेबलाशी थांबले. "नाना काय म्हणतात, ताई?"

तिनं बिलाचा घोळ सांगितला. ते गालातल्या गालात हसत ऐकत राहिले. मग तिनं ते दुसरंही सांगून टाकलं, नानांच्या वतीनं कबुली दिल्यासारखं. "ते जागे असायचे, दादा. तुम्ही सुटावं म्हणून डोळे मिटायचे."

"ठाऊक होतं की."

"ठाऊक होतं?"

"झोपेतला श्वास निराळा असतो, ताई. आमचं सगळं आयुष्य तेच ऐकण्यात गेलं." त्यांनी टेबलावरचं निळं टोपण उचलून पाहिलं, ओळखलं बहुतेक, आणि जागच्या जागी ठेवलं. "पण मी जावं म्हणून ते गप्प पडायचे ना, तर गप्प पडून पडून खरंच झोप लागायची त्यांना. मग निघायचो मी."

तिनं पडदा जरासा त्यांच्याकडे वळवला. मग ती म्हणाली, "दर लावायला सांगितलाय. थांबण्याचा. तुम्हाला मिळतील त्यातले."

"कळलंय. म्हणजे माझ्या नुसत्या बसण्यालाही भाव आला!" मग ते जरा विचारात पडले. "पैसे कुणाला नको असतात? धाकटीचं कॉलेज आहे. पण दर लागला की घरचे घड्याळाकडे बघणार, आणि मग मीही बघणार. नाही लावला तर मॅडम माझ्याकडे बघणार. तुम्हीच ठरवा काय ते. तुम्ही दोन्हीकडून पाहिलंय."

"दादा," ती म्हणाली. खोका घेऊन ते वळले होते. हुंदका येईल म्हणून जपून ठेवलेलं ते इतक्या साध्या आवाजात बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही होता म्हणून आम्ही निभावलो. कधी म्हटलं नाही मी."

"चहा विचारायचात की रोज," दादा म्हणाले, आणि गेले.

ती पडद्याकडे वळली. कोण जोडू शकेल? ग्राहक, कार्यालय, तंत्रज्ञ. तिनं फक्त तंत्रज्ञापुढे खूण केली. घरच्यांना ही ओळ दिसायलाच नको. बिल कंपनीच्याच खाती पडेल असं करता येईल का? मॅडम भडकतील. भडकू देत, त्या भडकून ऐकतात. एकक? तास, नग, फेरी. सुरुवात कुठून धरायची? पेटी बंद झाल्यापासून? आणि शेवट कुठे... सोंग संपून झोप कुठे सुरू झाली, ते एकट्या दादांच्याच कानांना कळायचं. दर आवश्यक आहे, सॉफ्टवेअरनं लाल अक्षरांत म्हटलं. मॅडमचा निरोप आला : झालं का? तिनं लिहिलं : होतंय. तुमच्याशी बोलायचंय.

सकाळी ही चौकट तिला अपमानासारखी वाटली होती. आता तसं वाटत नव्हतं. चौकट रिकामीच होती, पण तिची भीती उरली नव्हती.

तिनं खुर्चीला मान टेकवून डोळे मिटले. झोप कसली येतेय, पलीकडे हिशेबनीस फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होता. पण तशीच ती पडून राहिली, अगदी गप्प, आणि कुणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून शेजारी बसलंय, उठायची काही घाई करत नाहीये, असं तिला कितीतरी वेळ वाटत राहिलं.