अर्धलीचं मांजर

मुंजाबानं वाटीतल्या गेरूत दोन बोटं बुडवली आणि मांजराच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडं, आडवा पट्टा ओढला. मांजरानं मान वळवून पट्टा हुंगला आणि आपल्याला काय त्याचं अशा तोऱ्यात पुन्हा उंबऱ्यावर अंग पसरलं. पांढऱ्या अंगावरचा तो तांबडा पट्टा लांबूनसुद्धा दिसत होता. खूण अशीच असावी लागते.

"आता पुसून दाखव म्हणावं," मुंजाबा म्हणाला.

ऐकायला घरात कुणी नव्हतं. मुलगा अजिनाथ चितेगावच्या एका कंपनीत, सून सुलेखा गुलमंडीवरच्या कापडाच्या दुकानात. सकाळी निघताना सून न चुकता एकच वाक्य बोलायची, "मामा, कडी आतून लावून घ्या." पोर वाईट नव्हती. दुकानात दिवसभर बोलून तिचं तोंड दुखायचं, घरी बोलायला शिल्लक काय राहणार? पण त्या वाक्यानंतर थेट अंधार पडेपर्यंत मुंजाबाशी कुणी बोलत नसे. टीव्ही बोलायचा, पण तो काय, सगळ्यांशीच बोलतो.

मुंजाबा धनगर. गेल्या वर्षी पाऊस झाला नाही, चारा संपला, गावाला टँकर लागला आणि माणसांना पुरेना ते पाणी मेंढरांना कुठून पाजणार? सगळी मेंढरं विकावी लागली. गाडीत चढतानाही त्यांच्या पाठीवर त्याच्याच हातचा गेरूचा पट्टा होता. गाडी वळेपर्यंत तो दिसत राहिला. मग अजिनाथ त्याला इथं शहरात, मुकुंदवाडीला घेऊन आला. येताना मुंजाबानं धोतरजोडीच्या घडीत गेरूची पुडी बांधून आणली. कशाला आणली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मांजर आलं ते फाल्गुनातल्या एका दुपारी. समोरच्या भिंतीवर बसून होतं. कळपातलं मेंढरू मागं राहिलं की मुंजाबा जशी साद घालायचा तशी त्यानं उगाचच, जिभेला सवय म्हणून, साद घातली. "हिर्र्र... हाऽ!" मांजरानं कान टवकारले. भिंतीवरून उडी मारली, शांतपणे गल्ली ओलांडली आणि येऊन त्याच्या नडगीवर डोकं घासलं. गाव सोडल्यापासून त्या सादेला कुणी ओ दिली नव्हती. त्या दिवशी मुंजाबा उंबऱ्यावर बसून रडला. लपवायचं कशाला, चांगला ढसाढसा रडला.

तेव्हापासून मांजर रोज दुपारी यायचं. मांडीवर बसायचं नाही, उचललेलं खपायचं नाही. हाताच्या अंतरावर बसून डोळे अर्धे मिटून त्याच्याकडं बघत राहायचं. मुंजाबानंही डोळे मिटून उघडले की तेही मिटायचं, उघडायचं. ह्यात त्यांची दुपार जायची. ऊन उतरलं की ते निघून जायचं आणि संध्याकाळी सुलेखा त्याच्या धोतरावरचे पांढरे केस बघून नाक मुरडायची.

"मामा, ह्या केसांनी दमा होतो माणसाला."

"व्हय का?" मुंजाबा म्हणायचा आणि केस तसेच राहू द्यायचा.

मग एक दिवस त्यानं पुडी सोडली आणि मांजराला खूण केली. जनावर आपलं म्हटलं की खूण आलीच. दुसऱ्या दिवशी मांजर आलं ते स्वच्छ पांढरं. मुंजाबाला वाटलं, चाटून काढलं असेल. त्यानं पुन्हा पट्टा ओढला. तोही गेला. नीट पाहिलं तर पाठीवरचे केस ओलसर, एका दिशेनं पुसल्यासारखे. हे मांजराचं काम नव्हतं, माणसाच्या हाताचं होतं. आणि त्या उन्हाळ्यात, जायकवाडी तळाला गेलेली, नळ आठवड्यातून कधीतरी शिंकल्यासारखा येऊन जाणारा, टँकर दिसला की बाया भांड्यांसकट धावणार, अशा दिवसांत कुणी मांजरावर पाणी घालतंय? कारणाशिवाय?

मेंढराच्या पाठीवरचा गेरू धुतला जातो तो एकाच कारणानं. चोर आधी खूण पुसतो, मग आपली खूण करतो, मग बाजार गाठतो. मुंजाबाच्या उभ्या जन्मात ह्याला दुसरं कारण कधी निघालं नव्हतं. आणि काल तर हद्द झाली. तांबड्या पट्ट्याच्या जागी पिवळं दिसलं. बोट लावून वास घेतला, तर हळद! खूण पुसून वर आपली खूण करण्यापर्यंत मजल गेली होती. मांजर म्हणजे मेंढरू नव्हे हे मुंजाबाला काय कळत नव्हतं? पण मेंढरं गेली, गाव गेलं, आता हे एक राहिलं होतं. तेही कुणी हाताखालून नेणार म्हटल्यावर त्याला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून आज पट्टा ओढून तो काठी घेऊन तयारच बसला होता. ऊन कलल्यावर मांजर उठलं, पाठ ताणली आणि निघालं. मुंजाबानं मुकुंदवाडीत आल्यापासून पहिल्यांदा कडी बाहेरून लावली आणि त्याच्या मागं निघाला.

मांजर भिंतीवरून, तो भिंतीखालून. मागच्या अंगाला जिकडं तिकडं नवी बांधकामं. एका इमारतीचं काम पाण्याअभावी थांबलेलं, सळया तशाच वर आलेल्या. पुढं बोअरचं यंत्र धूळ ओकत होतं आणि चार माणसं भोकात डोकावून बघत होती. पाणी लागलेलं नव्हतं हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. मांजर दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात शिरलं. बोळाच्या टोकाला एक लिंबाचं झाड आणि पत्र्याची एकच खोली शिल्लक होती. दारात एक म्हातारी बसली होती. मांजर सरळ गेलं आणि तिच्या मांडीत शिरलं. मांडीत! मुंजाबा जागच्या जागी थांबला.

म्हातारीनं मांजराची पाठ चाचपली, बोटं डोळ्यांजवळ नेली आणि तोंडानं चुकचुक केलं. शेजारच्या तांब्यात फडक्याचं टोक बुडवून ती पट्टा पुसायला लागली.

"कुन्या मुडद्यानं मारलं गं बाई माझ्या मनूला! रोज मारतोय. हात झडो त्याचा."

"ओ बाई!" मुंजाबा काठी आपटत पुढं आला. "रगत नाय त्ये. गेरू हाय."

म्हातारीनं डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

"गेरू?"

"खूण हाय. माझी. जनावर माझं हाय."

म्हातारीनं फडकं नाकाशी नेलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"अगं बया! आन् म्या रोज पुसून ऱ्हायले, काल तर हळदबी भरली. जखम काय गावंना, म्हनलं मोतीबिंदूपायी दिसत नसंल. डोळ्याला शिव्या घातल्या, दादा, चांगल्या सणसणीत."

मुंजाबा घरून निघताना बरंच काही बोलायचं ठरवून आला होता. त्यातला चोर हा शब्द तोंडाशी येऊन तिथंच बसला.

"पानी कुठलं हाय त्ये?" त्यानं तांब्याकडं बोट दाखवलं.

"प्यायचंच. दुसरं कुठून आणू? टँकर बोळात शिरत नाय. बिल्डिंगवाल्या बाया देत्यात घागरभर, मर्जी असली तर." तिनं मांजराच्या कानामागं खाजवलं. "म्हनलं, माणूस एक दिवस कमी पिलं तर मरत नाय. जखम चिघळली तर मुकं जनावर सांगनार कुणाला?"

खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, खाली एक खाट, खाटेवर मोबाइल. म्हातारीचं नाव सत्यशीला. लेक सुकेशनी पुण्याला नर्स होती, रविवारी तिचा फोन यायचा. बिल्डर खोली मागत होता आणि ही लिंबाचं झाड सोडायला तयार नव्हती. एवढं सगळं तिनं न विचारता, मांजर खाजवत सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायला मिळालं म्हणूनच सांगत होती, हे मुंजाबाला ओळखू आलं. त्याला ते ओळखू येणारच होतं.

"पानी देऊ का?" बोलता बोलता थांबून तिनं विचारलं, आणि विचारून मांजराकडं बघितलं.

मुंजाबाच्या बापानं ह्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं ते त्याला माहीत होतं. तिलाही ते माहीत होतं, म्हणून तर ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"द्या की," मुंजाबा म्हणाला.

तिनं माठातनं फुलपात्र भरून दिलं. मुंजाबा निम्मं प्याला आणि निम्मं परत केलं, पाणी ओतून द्यायचे दिवस नव्हते. सत्यशीलाबाईनं ते उरलेलं मांजराच्या करवंटीत ओतलं.

"तुमचं हाय म्हनता तर घेऊन जावा," ती म्हणाली आणि तिनं मांजरावरचे हात काढून घेतले. "खूण केल्याली हाय. आता म्या कशी नाय म्हनू?"

मुंजाबानं घसा साफ केला.

"हिर्र्र... हाऽ!"

मांजरानं एक डोळा उघडला. मांडीतून उतरलं, पुढचे पाय लांब ताणले आणि शेपटी उभी करून त्याच्याकडं आलं. नडगीवर डोकं घासलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. आलं ते थेट आलं, वाटेत कुठं थांबलंसुद्धा नाही.

सत्यशीलाबाई ओलं फडकं पिळत बसली होती. पिळायला त्यात फारसं पाणी नव्हतंच. तिच्या निळ्या लुगड्यावर मांडीपाशी पांढरे केस चिकटलेले होते. मुंजाबानं खाली आपल्या धोतराकडं पाहिलं, तर तेच केस. त्याला आनंद व्हायला हवा होता. जनावर त्याचं होतं, सादेला आलं होतं, बाईनं कबूलही केलं होतं. पण गाडी वळल्यावर रिकाम्या मेंढवाड्याकडं बघत तो जसा उभा राहिला होता, तसाच आता ह्या बाईच्या रिकाम्या मांडीकडं बघत उभा राहिला.

तो जाईना. मांजरही जाईना, ते त्याच्या पायापासून तिच्या पायापर्यंत आणि परत, अशा येरझाऱ्या घालत होतं.

"बाई," मुंजाबा शेवटी म्हणाला, "अर्धलीनं ठेवता का?"

"अर्धलीनं? शेळी देत्यात तसं?"

"तसंच. जनावर माझं, सांभाळायचं तुम्ही. पिल्लं झाली का निम्मी तुमची, निम्मी माझी. रीतच हाय ती." त्यानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली, ती पायानं पुसली. "मालकानं फक्त येऊन जनावर बघून जायाचं. रोजच्या रोज."

"रोज?" सत्यशीलाबाईनं मान वर केली. "आमच्या गावाकडं तर मालक शेळी बघाया दिवाळीलाच यायचा."

"त्ये शेळीचं. मांजराला रोज यावं लागतं."

तिनं हात पुढं केला, मांजर त्या हाताखालून गेलं आणि तिनं त्याच्या पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत हात फिरवला. हात शेपटीशी पोचला आणि थांबला.

"अवो दादा," ती हळूच म्हणाली, "मोतीबिंदू मला हाय, तुमाला नाय. बोका हाय त्यो."

मुंजाबानं काठी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्याच्या ह्या कडेला, तिच्यापासून हातभर अंतर राखून, खाली बसला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.