गच्चीपुरती स्कूटर

मित्रांनो, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली जी जुनी विजेची स्कूटर उभी आहे ना, ती मी. चाकं लहानशी, बसायला इवलीशी सीट, पुढे टोपली. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आता गावभर हुंदडायचं!

मला घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या एका काकूंसाठी. त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते आणि त्यांची थोरली बहीण मोठ्या रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायची. ताईकडे जाता यावं, एवढ्याचसाठी मी आले.

पहिल्याच दिवशी वॉचमनने फाटकात अडवलं. "काकू, ही रस्त्यावर न्यायला परवानगी नाही. फुटपाथवर तर मुळीच नाही. खाजगी जागेत काय ती फिरवा." आवारात फिरवावं, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाक मुरडलं. तिथे मुलं खेळतात. त्यांचंही खरंच होतं म्हणा. शेवटी काकूंच्या लेकाने मला लिफ्टमधून गच्चीवर आणलं.

गच्चीच्या कोपऱ्यातून ताईंची बाल्कनी दिसायची. रोज संध्याकाळी आम्ही तिथवर जायचो. काकू हात करायच्या, ताई टॉवेल हलवायच्या. घरातले म्हणायचे, "बरी सोय झाली हो!" आणि मी आपली फुशारून जायचे.

एक दिवस काकू लेकाला म्हणाल्या, "ताईचा गाऊन खांद्यावरून उतरतोय रे. मीच शिवलाय तो, अंगाबरोबर बसायचा. खंगलीये ती. मला माप घ्यायला ने."

"रोज तर भेटतेस गच्चीवरून," तो म्हणाला. "रविवारी नेतो गाडीतून."

काकूंनी मापाची टेप माझ्या टोपलीत ठेवली. रविवारी काहीतरी काम निघालं. पुढच्या रविवारीही तेच. मग एका संध्याकाळी बाल्कनीत कोणी आलंच नाही. काकू कितीतरी वेळ माझ्यावर बसून राहिल्या. पलीकडून ताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मात्र गाडी लगेच निघाली.

त्यानंतर काकू गच्चीवर आल्या नाहीत. मला फार वाईट वाटतं, मित्रांनो. मी नसते, तर 'रोज तर भेटतेस' म्हणायला कोणाची जीभ रेटली नसती. नियम जरूर पाळा, मला गर्दीत दामटू नका. पण मला कुठे चालवायचं एवढंच विचारून थांबू नका. माझ्यावर बसणाऱ्या माणसाला कुठे जायचंय, तेही विचारा, आणि त्याला वेळेवर न्या. काकूंची टेप अजून माझ्या टोपलीतच आहे.