तेवीस डावी पिसं

मे महिन्यातल्या त्या शनिवारी श्रीरंगच्या गराजमध्ये चपला-बुटांचा असा खच पडला होता, की अमेरिकेतल्या कॅरी गावातला यच्चयावत मराठी माणूस आत आलाय असं वाटावं. फॅमिली रूममध्ये साठ माणसं दाटीवाटीनं बसलेली. कोणी औषध कंपनीत, कोणी सॉफ्टवेअरमध्ये; सगळ्यांच्या डिग्र्या टांगायच्या म्हटल्या तर भिंती पुरणार नाहीत. आणि ही विद्वान मंडळी टक लावून कोणाकडे बघत होती? तर भगवं सिल्क नेसलेल्या आणि पायात महागडे स्पोर्ट्स सॉक्स चढवलेल्या वैनतेय महाराजांकडे!

"कर्करोगातला कर्क म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं. "खेकडा! खेकड्याला कोण टिपतं? पक्षी! आणि पक्ष्यांचा राजा कोण?"

"गरुड!" साठ गळे ओरडले.

"सायन्ससुद्धा हेच सांगतं, बरं का. गरुडाच्या पिसाची फ्रीक्वेन्सी पेशीच्या फ्रीक्वेन्सीशी मॅच झाली, की खेकडा पळालाच म्हणून समजा!"

कुठलं सायन्स, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. श्रीरंगची तर नव्हतीच. त्याची बायको स्वानंदी पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. एप्रिलमध्ये तिच्या छातीत गाठ सापडली. वाटाण्याएवढी, वेळेत सापडलेली. तीन जूनला ऑपरेशन, पुढे रेडिएशन, बरं होण्याची शक्यता उत्तम, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण स्वानंदीची आई याच आजारात, ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत गेली होती. सुरीचं नाव काढलं की स्वानंदीचे हात गार पडायचे. नेमक्या अशा वेळी मराठी मंडळातल्या सुवर्णाकाकूंनी महाराजांना आणलं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून श्रीरंगही गप्प बसला.

महाराजांनी आधी पडदे ओढून अर्धा तास एकट्यानं खोलीची शुद्धी केली होती. मग पूजा, मग आरती. पूजा-आरतीच्या वेळी पंखा बंद ठेवायचा, नाहीतर निरांजन विझतं; हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आरती संपली तेव्हा साठ माणसं घामानं निथळत होती.

"श्रीरंग, पंखा लाव रे बाबा, जीव चाललाय," सुवर्णाकाकू म्हणाल्या.

त्यानं बटण दाबलं. दोन क्षण गेले आणि वरून, चक्क हवेतून, एक लांबलचक पीस गिरक्या घेत खाली आलं. पांढरं, त्यावर काळपट आडवे पट्टे. ते उतरलं थेट मागच्या रांगेतल्या बाळकाकांच्या टकलावर. खोलीत एकच कल्लोळ झाला. कोणी रडायला लागलं, कोणी फोन काढले.

"निरोप्या वेगळा, निरोप हिचा!" असं म्हणत महाराजांनी ते पीस अलगद उचलून स्वानंदीच्या ओंजळीत ठेवलं. "शंभर दिवस रोज अंगावरून फिरवायचं. आणि या काळात शरीराला सुई नाही, सुरी नाही. लोखंड लागलं की गरुड परत जातो."

झालं! सोमवारी स्वानंदीनं ऑपरेशन कॅन्सल केलं.

श्रीरंगनं काय नाही केलं? हात जोडले, भांडला, दोन दिवस जेवला नाही. "अगं, माझ्यासाठी तरी कर," म्हणून लहान मुलासारखा रडला. क्लिनिकला फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, सॉरी, पेशंटनं स्वतः फोन केला पाहिजे. बरोबरच होतं तिचं. शहाण्या माणसाला उचलून ऑपरेशन टेबलावर नेता येत नाही. स्वानंदी रोज सकाळी आंघोळ करून पीस फिरवायची आणि म्हणायची, "हलकं वाटतंय." तो ऐकायचा आणि ऑफिसला निघून जायचा. गाडीत बसला की त्याला स्वतःचीच चीड यायची.

ऑगस्टमध्ये मंडळातल्याच नीलांबरीकाकू पुरणपोळ्या घेऊन आल्या. सोबत त्यांची मुलगी प्रीता होती. ही पोर इथेच जन्मलेली. म्युझियममध्ये पक्ष्यांच्या विभागात नोकरी. विमानाच्या इंजिनात एखादं पीस सापडलं तर पक्षी कोणता, हे ओळखायचं तिचं काम. स्वानंदी वर झोपली होती. प्रीताची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

"श्रीरंगकाका, यू गाइज कीप अ टर्की फेदर विथ गणपती?"

"काय?"

"वाइल्ड टर्की. पंखाचं आहे. हे बार्स बघा ना, एंड टू एंड."

"अगं, गरुडाचं आहे ते," नीलांबरीकाकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आई, इथल्या ईगलचं पीस असं पट्ट्यापट्ट्यांचं नसतं. आणि ईगलचं असतं तर इथल्या कायद्यानं घरात ठेवणं इल्लीगल आहे. महाराजांना जेल झाली असती, यू नो."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला जो अख्खा भाजतात आणि ऑफिसात ज्याचं सँडविच खातात, तो हा पक्षी! श्रीरंगला हसावं की रडावं कळेना. त्यानं 'वैनतेय परिवार' हा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून फोन तिच्यापुढे धरला. एडिसनपासून कॅरीपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या घरी पीस पडलं, त्यांनी देव्हाऱ्याचे फोटो टाकले होते. प्रीता एकेक फोटो मोठा करून बघत गेली. मधेच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, पिसाची एक बाजू अरुंद असते ना, ती उडताना पुढे असते. त्यावरून डावा पंख की उजवा ते कळतं. ट्वेंटी थ्री फोटोज. ऑल लेफ्ट."

"म्हणजे?"

"पक्षी पिसं टाकतो ती दोन्ही बाजूंची, सारखी. एकाच बाजूची तेवीस टाकली तर तो उडणार कसा? ही दुकानातली आहेत. बाणांना लावायला टर्कीची पिसं मिळतात. एका बाणाला सगळी एकाच साइडची लागतात, सो लेफ्टचं पॅक वेगळं, राइटचं वेगळं. तुमच्या महाराजांनी लेफ्टचं घेतलं." तिनं पिसाच्या देठाखालच्या खाचेत बोट फिरवलं. बोटाला राखाडी काहीतरी लागलं. "ही धूळ कुठली? हे कुठे पडून होतं?"

श्रीरंगनं वर पाहिलं. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तो चढला. महाराज येणार म्हणून स्वानंदीनं सगळं घर घासून-पुसून लख्ख केलं होतं, पण पंख्याची वरची बाजू कोण पुसतं? चार पात्यांवर धुळीचा जाड थर होता. पाचव्यावरही होता, पण मधोमध पिसाएवढी लांब पट्टी उजळ दिसत होती आणि कडेला चार बोटांचे ठसे होते. शुद्धीचा अर्धा तास कशासाठी होता, ते आता कळलं. हातचलाखी करायला चेलासुद्धा लागला नव्हता. आरतीला पंखा बंद करायचा आणि आरतीनंतर लावायचा, ही आपली सवयच महाराजांची चेली झाली होती.

त्यानं स्वानंदीला उठवून खाली आणलं आणि सगळं सांगितलं. ती आधी चिडली, मग ऐकू लागली, मग स्वतः स्टूलवर चढली. तिनं त्या ठशांजवळ स्वतःची बोटं धरून बघितली.

"त्या दिवशी पंखा कोणी लावला होता?"

"मी."

"मग तेव्हाच वर का नाही बघितलंस, श्री?"

त्यानं तिला उतरायला हात दिला.

क्लिनिकला तिनं स्वतः फोन केला. नवे स्कॅन काढले. वाटाण्याएवढी गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही काहीतरी दिसत होतं. आता आधी किमो, ऑपरेशनचं नंतर बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उत्तम हा शब्द त्यांनी या वेळी उच्चारला नाही.

श्रीरंगनं ग्रुपवर सगळं लिहिलं. पंख्याचा फोटोही टाकला. सुवर्णाकाकूंचं उत्तर आलं, "श्रद्धा नसेल तर निदान निगेटिव्हिटी पसरवू नका." पाच मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. रात्री बाळकाकांनी एक फोटो गुपचूप पाठवला. महाराज आता टेक्सासात, प्लेनोला होते. एका पोरसवदा बाईच्या ओंजळीत पीस होतं, डोळ्यांत पाणी होतं. चोविसावं पीस, तेही डावं. तिचं नाव-गाव श्रीरंगला माहीत नव्हतं. बाळकाकांनाही नव्हतं. महाराजांच्या माणसांना विचारलं तर त्यांनी नंबर ब्लॉक केला.

तेव्हा बाबांनो, आरती करा, प्रसाद खा, निरांजनासाठी खुशाल पंखा बंद करा. त्याला कोणाची ना नाही. पण वरून काही पडलं, तर हात जोडण्याआधी ते कुठून पडलं ते बघा. आणि कोणी डॉक्टरकडे जाऊ नको म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे दार दाखवा. हे करायला डिग्री लागत नाही, स्टूल लागतं. श्रीरंगच्या घरात ते होतं. अकरा आठवडे स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी, जागचं हललं नव्हतं.