श्रावणाचा तिसरा दिवस

मनोविकार विभागातली तीन वर्षं म्हणजे नुसती हमाली. त्यात व्यसनमुक्तीच्या ओपीडीचे दोन आठवडे आले की रेसिडेंट डॉक्टर माहेरपणाला आल्यासारखे सैल व्हायचे. सकाळी सही करायची आणि परीक्षेचं पुस्तक उघडायचं. विभागप्रमुख श्यामसुंदर सरच म्हणत, "व्यसन हा चिकाटीचा विषय आहे. पेशंटच्या. आपण आपला अभ्यास करा."

सदाशिव पेठेतल्या नीरजाने हा सल्ला मनोभावे पाळला होता. सुवर्णपदकावर डोळा ठेवणाऱ्या मुलीला आयता मिळालेला वेळ वाया घालवणं परवडत नाही. पण श्रावण लागून तिसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीतून निरोप आला आणि तिला पुस्तक मिटावं लागलं.

पेशंट होता लोणी काळभोरचा जयसिंग, गुऱ्हाळावरचा गुळव्या. घामाने निथळत होता, हात थरथरत होते. मध्येच चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेची, मध्येच दोन्ही हातांनी हवेतली कढई ढवळी.

"जाळ कमी करा रं! पाक करपंल!" तो ओरडला.

"दारू पितात का?" नीरजाने विचारलं.

त्याची बायको तुळजाबाई दुखावलीच. "न्हाई ओ बाई! थेंबसुदिक न्हाई."

कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलं होतं. डोक्याला मार नाही, साखर ठीक. नीरजाने मनाशी बेरीज केली: भास होतात, भान नाही, व्यसन नाही, म्हणजे वेडाचा झटका. तिने त्यावरचं इंजेक्शन लिहून दिलं, सिस्टरना "अर्ध्या तासाने द्या" म्हणून सांगितलं आणि कॅन्टीन गाठलं.

तिथे तिच्याच बॅचचा मन्सूर पोहे खात होता. कसबा पेठेतला हा मुलगा दुसऱ्याच्या बशीवर आपल्या बशीपेक्षा जास्त लक्ष ठेवून असे. पोऱ्याने मिसळीबरोबर कांदा पुढे केला, तर नीरजा म्हणाली, "मी कांदा खात नाही."

"कधीपासून?" मन्सूरने भुवया उंचावल्या. "गेल्या आठवड्यात माझ्या बशीतला उचलत होतीस."

"श्रावण आहे रे आता."

"असं सांग ना मग. मला वाटलं, जन्मात तोंडाला लावला नाहीस."

नीरजाचा चमचा हवेतच थांबला. पुढच्या क्षणी ती जिन्यावर होती. मिसळ मन्सूरने संपवली. अन्न टाकू नये.

सिस्टरच्या हातात सुई भरलेली होती. "थांबा!" म्हणत नीरजा तुळजाबाईसमोर उकिडवी बसली. "मावशी, श्रावण लागायच्या आधी पीत होते का?"

"आषाढात व्हय?" तुळजाबाईने असं पाहिलं, जणू पाणी पितात का असं विचारलं होतं. "रोजच की. गटारीला तर चौघांनी उचलून आणला. पन श्रावणात शिवत न्हाईत, बाई. लई नेमाचा मानूस."

नेमाच्या माणसाने रोजची दारू एका दिवसात तोडली होती आणि तिसऱ्या दिवशी शरीर त्याचा सूड घेत होतं. तुळजाबाई खोटं बोलली नव्हती. नीरजाने पंचांग न बघता प्रश्न विचारला होता. भरलेल्या इंजेक्शनाने फिट येण्याचा धोका वाढला असता. तिने ते बाजूला ठेवायला लावलं, दारू तुटल्यावर शरीर शांत करणारं औषध सुरू केलं, जोडीला बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, आणि फोनवर सरांना सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

सर म्हणाले, "दर श्रावणात आपल्याकडे वेडे का वाढतात, हे मी कधी विचारलंच नाही. त्याच्याजवळ थांब."

ती थांबली. रात्र कठीण गेली, दुसरा दिवसही. त्यानंतरच्या सकाळी जयसिंगने डोळे उघडून बायकोला हाक मारली आणि चहा मागितला. तुळजाबाई पदराआड रडली. नीरजा खिडकीकडे तोंड करून.

"बाई, श्रावण पाळला ह्ये चुकलं का माजं?" जयसिंगने विचारलं.

"पाळलात ते बरोबर. एकट्याने तोडलीत, ते अंगाशी आलं."

"आन् भादव्यात?"

याचं उत्तर पुस्तकात होतं, पण ते लोणीपर्यंत पोचेल असं तिला वाटेना. "दर बुधवारी या," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी शिकते. दोघं मिळून बघू."

बुधवारी तो ओपीडीत आला, दाढी करून, धुवट सदऱ्यात. मागे दोघे खाली मान घालून उभे होते. "ह्यांनी बी श्रावण धरलेला. दुसऱ्याच दिशी हात कापाया लागले म्हनून मोडला. गाव हसतंय त्यांस्नी."

श्यामसुंदर सर दारात आले. "नीरजाबाई, या गर्दीत तुमचा अभ्यास कसा व्हायचा?"

नीरजाने शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. सरांनी घड्याळ पाहिलं, बाहेरच्या भरलेल्या बाकाकडे पाहिलं आणि बसले. "मन्सूरलाही बोलव. सगळ्यांनाच बोलव."

जयसिंगने पहिल्याला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. "बोल, दिगंबर. बाई वरडत न्हाईत."