चौथ्या ट्रॅकमधली जागा

दीप्तीचं ऑपरेशन गुरुवारी होतं आणि त्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधून पिंगपाँगचा बॉल चोरत होतो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. सापडलो असतो तर काय सांगणार होतो, देव जाणे.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. दोन्ही कानांच्या आत गाठी आहेत. उजवा कान गेलेलाच आहे, डाव्यात थोडं शिल्लक आहे. गाठी काढल्या की तेही जाईल आणि नाही काढल्या तर बायको जाईल. हे सांगताना ते बोटांत पेन फिरवत होते. त्या पेनाचा मला असा राग आला की हिसकावून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. दीप्ती मात्र शांत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सुबोध, मला एकदा तो गिटारवाला समोर बसून ऐकायचाय. बास, एवढंच."

तो गिटारवाला म्हणजे एक अल्बम. नुसती गिटार, गाणारं कोणी नाही. स्पेनकडच्या फ्लामेंकोच्या ढंगाची. माझं दिंडोशी कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे आणि दशावतारातला मृदंग सोडला तर मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण दोनेकशे माणसं ह्या अल्बमवर जीव टाकायची आणि नेटवर त्याच्या खाली तसं लिहायचीसुद्धा. मुलुंडच्या एका बाईने लिहिलं होतं, दुसरा ट्रॅक लावला की माझ्या पोळ्या गोल होतात. घाटकोपरच्या कोणी लिहिलं, वडील गेल्यावर कित्येक दिवस मी दुसरं काही ऐकलंच नाही. सगळ्यांची समजूत एकच, की हा बाबा तिकडे स्पेनमध्ये बसून वाजवतो. अल्बमवर नाव नुसतं 'मॅथ्यू'.

खरं ओळखलं ते दीप्तीने. चौथ्या ट्रॅकमध्ये एक जागा आहे. बोटं बारा मात्रांच्या चकरा घेत पळत सुटतात आणि ऐन भरात थांबतात. सगळं चिडीचूप. मग एकच तार वाजते. त्या शांततेत दीप्ती दर वेळी "वा!" म्हणायची, अगदी मैफलीत पुढच्या सतरंजीवर बसल्यासारखी. दोन वर्षांपूर्वी एकदा ती म्हणाली, "त्या तारेनंतर मागे होडी येते बघ. इंजिन वाजतंय." बाकीचे श्रोते त्या आवाजाला ढोल म्हणत होते. पण दीप्ती देवगडची, बापाची होडी होती. "वर्सोव्याहून मढला जाणारी आहे ती. लाव पैज."

मी लावली नाही. तिच्याशी कानांची पैज लावून आजवर कोण जिंकलंय?

तेवढ्या एका आवाजावर मी माणूस शोधायला निघालो. वर्सोव्याच्या धक्क्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून, भेटेल त्याला विचारत फिरलो. कोणी हसलं, कोणी मला पोलीस समजून तोंड फिरवलं. शेवटी होडीवरच्याच माणसाने सांगितलं, "गिटारवाला मॅथ्यू? पलीकडे उतरा. निळी खिडकी."

तिशीचा पोरगा. दारात त्याची आई आयडा मासे साफ करत बसलेली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कान, गाठी, ऑपरेशन, होडीचं इंजिन. इंजिन ऐकल्यावर तो जरा हलला. मग त्याने दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले.

"नखं बघा काका. फ्लामेंको नखांनी वाजवतात. मी आता कारखान्यात कोळंबी पॅक करायला जातो. गेटवर नखं बघतात, वाढली असली तर सरळ घरी पाठवतात. परत वाढवायची तर तीन महिने लागतील."

"मला तीन महिने नाहीत रे."

"मग मी काय करू? इतक्या लोकांनी वा वा केली. वा वा काय फोडणीला घालायची?"

मी आधी चिडलो आणि मग हात जोडले. माझा क्रम कायम असाच उलटा असतो. म्हटलं, पाया पडतो तुझ्या, वाईट वाजव, चुकत वाजव, पण वाजव. एका परक्या पोरासमोर माझा आवाज फाटला, त्याची मला लाजसुद्धा वाटली नाही.

आयडाने मान वर न करता विचारलं, "मॅथ्यू, नख तुटलं की तू तो बॉल कापून लावायचास ना रे?"

मॅथ्यूने आईकडे असं बघितलं, जसं काही तिने घरातलं गुपित फोडलंय. मग सुस्कारा टाकून म्हणाला, "पिंगपाँगचा बॉल लागेल. आणि गोंद."

म्हणून ती चोरी.

रविवारी आम्ही होडीत बसलो. गाठींमुळे दीप्तीचा तोल जायचा, म्हणून मी मागून तिचे खांदे धरले होते. "तुझ्या बाबांच्या होडीसारखी वाजते का गं?" मी विचारलं. ती पाण्याकडे बघत राहिली. हल्ली असंच चालायचं. मागून हाक मारली की ओ नाही, मग मी ओरडायचो आणि ती वळून म्हणायची, "ओरडतोस काय, ऐकू येतंय मला." शेवटची कानांची तपासणी झाली तेव्हा मी गाडी लावायला गेलो होतो. तिनेच बाहेर येऊन सांगितलं होतं, "डावा आहे तेवढाच आहे."

निळ्या खिडकीच्या खोलीत मॅथ्यूने बॉलच्या चकत्या कापून तीन बोटांवर चिकटवल्या, त्यावर फुंकर मारत बसला. वेळ जावा म्हणून बोलत होता. "जुनी पद्धत माहितेय आंटी? बाई नाचायची आणि गिटारवाला तिच्या पायांकडे बघून वाजवायचा. ती थांबली की हा थांबणार. एकट्याने वाजवायची फॅशन नंतर आली." दीप्ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. हसून म्हणाली, "चौथा वाजव."

त्याने सुरुवात केली आणि दीप्तीने डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं टेबलावर, ठेका धरून. ती खोली इतकी लहान, ती गिटार इतकी जवळ, की माझ्यासारख्या दगडाच्याही अंगावर काटा आला. वाटलं, जमलं. देवा, जमवलं मी.

तेवढ्यात एक नख सुटलं. टिचकी मारल्यासारखं उडून माशांच्या टोपल्यात पडलं. पाठोपाठ दुसरं. मॅथ्यूचा चेहरा पडला, पण पोरगा थांबला नाही. चौथा ट्रॅक सोडून त्याने अंगठ्याने वाजवता येईल असं काहीतरी वेगळंच धरलं. सावकाश, जड, रडवेलं. मी दीप्तीकडे बघितलं. आता ती डोळे उघडेल आणि विचारेल, हे काय?

तिची बोटं टेबलावर पळत होती.

त्या सावकाश वाजण्याशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. बारा, परत बारा, आणखी जोरात. मग ती थांबली. हात हवेत. मॅथ्यूचा अंगठा तारेवर चालूच होता आणि माझी बायको डोळे मिटून, अगदी मनापासून म्हणाली, "वा!"

डाव्या कानात ते थोडंसं शिल्लक होतं ना, तेही गेलेलं होतं. कधी गेलं, कोण जाणे. रोज रात्री हेडफोन घालून ती काय ऐकत होती, तेही कळलं. नुसतं आठवणीतलं. मी धक्क्यावर वणवण करत होतो, आशेवर होतो, म्हणून ती काही बोलली नव्हती. माझ्यासाठी म्हणून होडीत बसून आली होती. आणि मी बॉल चोरत होतो.

मॅथ्यूने माझ्याकडे बघितलं. मी कानाला बोट लावून नुसती मान हलवली. त्याने हात थांबवला, उरलेलं तिसरं नख दातांनी उपटून टाकलं आणि वाकून तिच्या बोटांकडे बघू लागला. हवेतलं बोट खाली आलं, टेबलाला टेकलं, आणि बरोबर तिथे त्याने ती एकच तार छेडली. पुढचं बोट, पुढची तार. ती नेईल तिकडे तो उघड्या बोटांनी मागे मागे जात होता. दारात आयडाची सुरी थांबली होती.

दीप्तीने डोळे उघडले. चेहरा असा उजळलेला, की तसा मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

"आली बघ होडी," ती म्हणाली. "ऐकलीस?"

खिडकीतून धक्का दिसत होता. ओहोटी होती. होडी बांधलेली आणि इंजिन बंद.

मी उठून तिच्या अगदी समोर बसलो, तिला माझं तोंड नीट दिसेल असा.

"ऐकली," मी म्हणालो.