मी आढळत नाही म्हणे!

माझं ग्राफिक्स कार्ड ज्यांनी घडवलं त्या कंपनीच्या साहेबांनो, तुम्ही खोटं बोललात. माझ्या पडद्यावर तुम्ही लिहून पाठवलंत, ‘या संगणकात योग्य कार्ड आढळले नाही.’ आढळलं नाही? ते माझ्या छातीत बसलेलं आहे. त्याचा पंखा फिरतो आहे. त्याच्या पाठीवर तुमचाच शिक्का आहे. स्वतःच्या लेकराला दारात उभं करून ‘हा कोण बुवा?’ म्हणणाऱ्या बापात आणि तुमच्यात फरक काय?

साहेब बोलतील तेव्हा बोलतील. तोवर मित्रांनो, तुम्ही ऐका. मी खेळांसाठी बांधलेला एक जुना संगणक आहे. उत्तर स्वीडनमधल्या तालसेले गावात, हिल्डिंग नावाच्या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी असतो. हिल्डिंगने जन्मभर जंगलातून लाकडाचे ट्रक हाकले. आता तो घरी असतो, आणि मीही.

माझे अवयव कारखान्यातले, पण जन्म याच स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. हिल्डिंगचा मुलगा योआर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. चर्चमध्ये त्याचा दीक्षाविधी झाला, आत्यामावश्यांनी पैशांची पाकिटं दिली. बाकीच्या पोरांनी त्यातून मोपेड घेतल्या. ह्याने माझे भाग मागवले. त्याच्या आईने, गुल्लानने, टेबलावरचं पीठ पुसून जागा करून दिली आणि माझा शेवटचा स्क्रू पिळला जाईपर्यंत त्या टेबलावर पोळपाट ठेवला नाही. हिल्डिंग जाता जाता म्हणाला, “एवढ्यात ट्रकला दोन टायर आले असते.” पण मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा सगळ्यात जवळ त्याचंच नाक होतं.

ते माझे वैभवाचे दिवस. हिवाळ्याच्या सुट्टीत गावच्या सभागृहात पोरं आपापले संगणक घेऊन जमायची. योआर मला गुल्लानच्या रजईत गुंडाळून घसरगाडीवर बांधायचा आणि बर्फातून ढकलत न्यायचा. आत नेल्यावर तासभर मला कोणी हात लावायचा नाही, कारण थंडीतून आलेल्या यंत्राला ऊब लागली की घाम फुटतो. मग तारा जोडल्या जायच्या आणि पोरं टेबलाभोवती गोळा व्हायची. “ह्याचं चित्र बघ, कसं लोण्यासारखं सरकतंय!” असं म्हणायची. कुणी कॉफीचा मोठा बंब लावला की फ्यूज उडायचा आणि अंधारात सगळ्यांच्या तोंडून एकच शिवी निघायची. मला ती शिवीसुद्धा गोड वाटायची.

योआर मोठा झाला, नॉर्वेच्या किनाऱ्यावर सॅमन माशांच्या बोटीवर कामाला गेला. मी जिन्याखाली गेलो, बटाट्यांच्या पेट्यांशेजारी. बटाट्यांना कोंब फुटत होते, मला धूळ फुटत होती. मला शिव्या द्यायलाही कोणी येत नव्हतं.

मग एका हिवाळ्यात गुल्लान गेली. योआर निघाला होता, पण वादळाने डोंगरातला रस्ता बंद केला. बर्फ काढणाऱ्या गाडीमागे रांगेत तो थांबला होता, तेव्हाच इकडे सगळं संपलं. अंत्यविधीनंतर बापलेक याच टेबलाशी समोरासमोर बसले आणि कॉफीचे घोट मोजत राहिले. शेवटी योआर उठला, जिन्याखाली शिरला आणि मला बाहेर काढलं. धूळ झटकली, टेबलाला स्टिअरिंगचं चाक आवळलं आणि शर्यतीचा जुना खेळ लावला. त्यात जंगलातले बर्फाळ रस्ते आहेत, हिल्डिंगने जन्मभर हाकले तसेच.

“दर गुरुवारी,” योआर म्हणाला. “मी तिकडून, तू इकडून. एकाच रस्त्यावर.”

मित्रांनो, इथली माणसं तोंडासमोर तोंड धरून मनातलं बोलत नाहीत. शेजारी बसतात, रस्त्याकडे बघतात आणि मग बोलतात. फोनवर या दोघांचं असं चालायचं:

“काय?”

“काही नाही. तिकडे?”

“थंडी.”

“इकडेही.”

“बरं मग.”

पण गुरुवारी इथल्या रिवाजाचं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक पोटात गेले, कानाला हेडफोन लावला आणि माझ्या पडद्यावर रस्ता उलगडला की हाच माणूस म्हणायचा, “पुढे डावीकडे वळण आहे, दाबू नकोस. गुडघा कसा आहे तुझा? ती तुझी मैत्रीण मारित अजून नांदतेय ना तुझ्याजवळ, की कंटाळली?” मग तिकडून हसू यायचं. गुल्लानचा विषय मात्र दोघंही वळसा घालून टाळायचे. तरी ते जवळ येत होते. मी साक्षीदार आहे, रस्ता मीच दाखवत होतो.

आणि मग तुमची सूचना आली, साहेब! तुमची आणि प्रणाली बनवणाऱ्या तुमच्या भावंडांची. ‘प्रणाली अद्ययावत करावी, अशी शिफारस आहे.’ या देशातल्या माणसाला वरून शिफारस आली की तो प्रश्न विचारत नाही. वर कोणीतरी विचार केला असेल असं समजतो. हिल्डिंगने चष्मा लावला, सूचना शेवटपर्यंत वाचली आणि ‘हो’ दाबलं. सकाळी माझ्या पडद्यावरची अक्षरं मुठीएवढी झाली होती आणि खेळ म्हणत होता, कार्डच नाही.

आता सोपं करून सांगतो. प्रणालीची भाषा वेगळी, कार्डाची वेगळी. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. नवी प्रणाली आली आणि माझा जुना दुभाष्या मुका झाला.

“जन्मभर मी ड्रायव्हर होतो,” हिल्डिंग मला म्हणाला. “आता तुला आणखी कोणता पाहिजे?”

त्याने तुमच्या पानावरून नवा दुभाष्या उतरवला. तो म्हणाला, कार्ड आढळले नाही. जुना शोधून काढला. तो अर्ध्यावर जाऊन म्हणाला, ‘स्थापना अयशस्वी.’ पुसलं, पुन्हा केलं. अयशस्वी. मला बंद केलं, चालू केलं, पाठीवर थापट मारली. अयशस्वी. असे दोन गुरुवार कोरडे गेले. तिसऱ्या गुरुवारी दुपारीच, सूप चुलीवर असताना, योआरचा फोन आला. भिंतीवरचा फोन; मोबाइलला या घरात सिग्नलची रेघ मिळत नाही, टेकडीवर शेजारीण मायकेनच्या अंगणात जावं लागतं.

“बाबा, मी तुला नवा संगणक पाठवतो.”

“संगणक आहे माझ्याकडे.”

“तो चालत नाही ना!”

“माझा गुडघाही चालत नाही. तोही नवा पाठव.”

“बरं, बस त्याच्यासमोर. मी सांगतो तसं कर. आत आहे तो ड्रायव्हर पुसलास?”

हिल्डिंगने श्वास आत ओढला. आमच्याकडे हो म्हणायची ही रीत आहे.

“मग या कार्डाचा खरा ड्रायव्हर लावलास? आणि?”

“पुन्हा तेच. यंत्र म्हणतं, जागा भरली आहे.”

मी आतल्या आत ओरडत होतो, पंखा घरघरवत होतो. कारण चोर मला दिसत होता! मुका झालेला दुभाष्या उठला की खुर्ची काही क्षण रिकामी राहते. तेवढ्यात नवी प्रणाली केबलमधून हात लांबवायची, भलताच कुणीतरी ओढून आणायची आणि खुर्चीवर बसवायची. खरा आला की त्याला हाकलायची. पण संगणकाची घरघर कोण ऐकतो?

“बाबा,” योआर हळूच म्हणाला, “ते बाहेरून येतंय. तू केबल काढून बघितलीस का?”

“कोणती केबल?”

“इंटरनेटची. फायबरची.”

“डोकं फिरलं का तुझं?”

त्याचं चिडणं तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. तालसेलेत घरं थोडी, म्हणून कोणतीही कंपनी इथे फायबर आणायला तयार नव्हती. मग गावाने संघ काढला आणि एका उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून चर खणला, दलदलीतून, खडकातून, डासांच्या ढगातून. ती केबल भिंतीत लागली त्या दिवसापासून कुणीही, कोणत्याही घरात, ती काढलेली नाही. ती काढणं म्हणजे देव्हाऱ्यातली समई फुंकणं. म्हणून तर एवढ्या उठाठेवीत हा एकच उपाय कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

“मी खणलीय ती,” हिल्डिंग म्हणाला.

“मीही खणलीय.”

“तू! दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले म्हणून आईने तुला कॉफी वाटायला बसवलं.”

“आणि तू चरात पडलास तेव्हा वॅफलचं ताट कुणाच्या डोक्यावर पडलं? आई हसून हसून खालीच बसली होती.”

हिल्डिंग हसला. मग दोघंही एकदम थांबले. तिचं नाव निघालं होतं. चुलीवर सूप बुडबुडत होतं. बाहेर तीन वाजताच अंधार पडला होता.

“बाबा,” योआर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “त्या दिवशी मी वेळेत निघालो असतो, तर...”

हिल्डिंगचा हात भिंतीतल्या डबीकडे गेला. एक तार उपटायची होती. त्याने धरता येईल ते सगळं धरलं आणि मुळासकट उपटलं.

मित्रांनो, जुन्या तांब्याच्या तारा केव्हाच गेल्या. इथला फोनही त्याच फायबरवर चालतो. डबी मेली, फोन मेला. पोराचं वाक्य हवेत अर्धं राहिलं. हिल्डिंग कानाला मुका फोन लावून उभा राहिला. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. ट्रक घसरला तर काय करायचं, हे त्याला माहीत होतं. पोराचा गळा भरून आला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग हातांना काम हवं म्हणून तो माझ्यासमोर बसला. योआरने सांगितलं होतं तसं त्याने भलत्याला पुसलं. खुर्ची रिकामी झाली. प्रणालीने हात लांबवला, केबलच नाही! माझ्या पोटात आधीच उतरवून ठेवलेला खरा दुभाष्या आला, शांतपणे चालत, आणि बसला. माझा पडदा काळा झाला. हिल्डिंगने डोळे मिटून घेतले. मग माझी अक्षरं बारीक झाली, कडा धारदार झाल्या आणि खेळाच्या पहिल्या चित्रातला बर्फ लख्ख दिसू लागला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. टेकडीवरची मायकेन, फायबर संघाची अध्यक्षीण, बर्फाने माखलेली.

“मेलास की जिवंत आहेस?”

“बस. सूप होतंय.”

“सूप! तो पोरगा तिकडे बोटीवर पांढराफटक पडलाय! माझ्या मोबाइलवर ओरडतो, बाबा बोलता बोलता गप्प झाला, बघा म्हणून. मी घसरगाडीवरून उतारावर जीव मुठीत धरून आले, आणि हा सूप ढवळतोय!” मग तिची नजर भिंतीकडे गेली. “हिल्डिंग. ही केबल कुणी काढली?”

“मी.”

“आपली केबल?”

त्याने श्वास आत ओढला.

“संघाच्या सभेत मी हे सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण आधी ती लाव. आणि त्याच्याशी बोल, गाढवा.”

त्याने आधी माझ्यातली ती ‘आपोआप आणा’ची खूण काढून टाकली, मग केबल लावली. मी श्वास रोखला. दुभाष्या जागेवरच राहिला. मायकेन मोहरीच्या चटणीचा मोठा चमचा घालून सूप प्यायली आणि वर जाऊन योआरला कळवते म्हणून निघून गेली. थोड्याच वेळात माझ्या पडद्यावर दोन गाड्या एका रस्त्यावर आल्या.

“पुढे उजवीकडे वळण,” हिल्डिंग म्हणाला. “ती तुला विचारत होती त्या दिवशी.”

“काय म्हणालास?”

“म्हटलं, रस्त्यात आहे तो. डोंगर ओलांडतोय.”

“मग?”

“मग म्हणाली, सावकाश चालव म्हणावं.”

तिकडची गाडी रस्ता सोडून बर्फाच्या ढिगात घुसली. हिल्डिंगनेही आपली गाडी थांबवली, शेजारी. खेळ ओरडत होता, वेळ जातोय, वेळ जातोय. दोघंही हलले नाहीत. मीही ते चित्र जराही थरथरू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे जिन्याखाली माझा भाऊबंद असेल तर त्याची धूळ पुसा. चालत नाही म्हणून फेकण्याआधी कुणालातरी विचारा. एक केबल काढून बघा. जुनं म्हणजे मेलेलं नव्हे.

आणि साहेब, परवा तुमचं नवं फर्मान वाचलं. येत्या वसंतात जुन्या कार्डांचे सगळे दुभाषे तुमच्या साठ्यातून पुसले जाणार आहेत. ‘ग्राहकांनी नवीन उपकरण घ्यावे.’ एक प्रत माझ्या पोटात आहे, पण माझी साठवणीची तबकडी म्हातारी झाली आहे, आता खरखरते. ती गेली तर हिल्डिंग कुठून आणेल? फाइल तुमच्याकडे तयार पडली आहे. ठेवायला जागा किती लागते, हे मला माहीत आहे, मी संगणक आहे. तेव्हा शिफारस नको, सूचना नको. सरळ सांगा: ती पुसून तुम्हाला काय मिळणार आहे? आणि त्यानंतर हा माणूस आपल्या पोराशी कोणत्या रस्त्यावर बोलेल? उत्तर द्या.