चौदावं व्हर्जन

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, आणि त्याला तयार प्रोग्राम चालत नाहीत. प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडातून घरीच बांधायचा, आणि तो बांधणारा कंपायलर भरवशाचा हवा. कंपायलरच्या चौदाव्या व्हर्जनवर काम मधेच तुटलं, म्हणून मी तेरावं घातलं. तेही तुटलं. मग बारावं. लातूरच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, तीन दिवस मी नुसती येरझारा घालत होते. आईनं जेवायला हाक मारली की तिच्यावरच खेकसत होते.

शेवटी दुरुस्तीवाल्या फरहानभाईंना बोलावलं.

"दरवेळेस एकाच जागी तुटून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, दरवेळेस वेगळ्याच."

"मग कंपायलरला कशाला शिव्या देता, लुंबिनीताई? त्याची चूक असती तर रोज तिथंच अडला असता."

त्यांनी झाकण उघडून मेमरीची एक पट्टी काढली. ती खराब झाली होती. मी पुन्हा चौदावं घातलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं बिनबोभाट बांधून झालं.

पण जीव काही भांड्यात पडला नाही. पहिल्याच दिवशी मी रागाच्या भरात लिनक्सवाल्यांच्या फोरमवर लिहिलं होतं, "चौदावं व्हर्जन भरवशाचं नाही, काढून टाका." ते पुसायला गेले, तर खाली एकोणीस जणांनी आभार मानले होते. त्यातल्या सात जणांनी लिहिलं होतं, काढल्यापासून लई फरक पडला.